गायरानाची किंमत काढताना नेमके काय मोजायचे?

देवनदी | रविवार, सकाळी ९:२०

नमस्कार. मी सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील एका गावात राहते. विषय अजून ग्रामसभेपुढे यायचा असल्यामुळे गावाचे नाव लिहीत नाही. आमच्या गावाला सुमारे ४० हेक्टर गायरान आहे आणि त्यातील काही भागावर सौर ऊर्जा प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव आला आहे. दिवसा वीज मिळावी ही मागणी आम्हीच वर्षानुवर्षे करत आलो आहोत. बिबट्याच्या भीतीत रात्री पाणी भरायला जाणे म्हणजे काय असते, हे आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. त्यामुळे माझा प्रकल्पाला सरसकट विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते.

मला टोचली ती एक गोष्ट. प्राथमिक बैठकीत ‘ती तर पडीक जमीन आहे, तिथे आहेच काय?’ असे एकाने म्हटले आणि बहुतेकांनी मान डोलावली. त्या ‘पडीक’ जमिनीवर पवन्या, मारवेल आणि कुसळी ही गवते आहेत, तरवड, बोर आणि हिवर आहेत, पावसाळ्यात तिथे मेंढरे चरतात आणि तिच्या खालच्या अंगाला गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. यातले काहीच हिशेबात येत नाही, म्हणून निदान एक आकडा ग्रामसभेपुढे ठेवावा असे मी ठरवले आणि दोन प्रकारे तो काढून पाहिला.

पहिला प्रकार असा. निसर्गाचे पैशातील मूल्य काढणारे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात गवताळ प्रदेशाचे मूल्य हेक्टरी वर्षाला ४,१६६ डॉलर दिले आहे. त्याला ४० ने गुणले की १,६६,६४० डॉलर होतात, म्हणजे रुपयांत साधारण दीड कोटीच्या आसपास. दुसरा प्रकार पाण्याचा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी मुरले की ते १०,००० लिटर होते, म्हणजे एक टँकर. गवत गेल्यामुळे वर्षाला २० मिलिमीटर पाणी कमी मुरले असे धरले, तर ४० हेक्टरवर ८०० टँकर होतात. टँकरला १,५०० रुपये धरले तर १२ लाख रुपये.

एकाच जमिनीचे दीड कोटी आणि १२ लाख असे दोन आकडे हाती आल्यावर मी थांबले. यातील कोणता ग्रामसभेत मांडावा, की दोन्ही चुकीचे आहेत? या विषयात काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

हिशेबनीस | रविवार, सकाळी ११:०५

देवनदी ताई, आपण गुणाकार बरोबर केले आहेत, पण दोन्ही आकडे ग्रामसभेत टिकणार नाहीत. ते का टिकणार नाहीत हे समजून घेतले तर टिकणारा आकडा कसा काढायचा तेही कळेल, म्हणून थोडे लांबण लावतो.

कोस्टान्झा यांचा पहिला अभ्यास १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आला. त्यांनी १६ प्रकारच्या परिसंस्था आणि त्यांच्याकडून माणसाला मिळणाऱ्या १७ प्रकारच्या सेवा घेऊन साऱ्या पृथ्वीचा हिशेब मांडला आणि वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर असा आकडा काढला. त्या वेळी जगाचे एकूण उत्पन्न सुमारे १८ लाख कोटी डॉलर होते. त्या आकड्याने एक मोठे काम केले, ते असे की निसर्गाची सेवा फुकट आहे म्हणून ती शून्य धरायची, ही सवय त्याने जगभर चर्चेत आणली. पण मायकेल टोमन या अर्थशास्त्रज्ञाने १९९८ साली त्यावर जो आक्षेप घेतला तो आजही तितकाच खरा आहे. पृथ्वीवरच्या साऱ्या परिसंस्था नाहीशा झाल्या तर माणूसच उरणार नाही. तेव्हा त्या सगळ्यांची मिळून किंमत किती, या प्रश्नाचे उत्तर अनंत असेच येते आणि ३३ लाख कोटी हा आकडा म्हणजे अनंताचे फार कमी केलेले मोजमाप ठरतो.

आता आपल्या ४,१६६ डॉलरकडे पाहा. एकाच चलनमूल्यात, म्हणजे २००७ च्या डॉलरमध्ये मांडले, तर १९९७ च्या अभ्यासातील गवताळ प्रदेशाचा दर हेक्टरी ३२१ डॉलर होता. २०१४ च्या अभ्यासात तो १३ पट झाला. गवत तेरा पट उपयोगी झाले नव्हते, दरम्यान जगभरातून अधिक अभ्यास जमा झाले होते आणि सरासरी बदलली होती. त्याच तक्त्यात शेतजमिनीचा दर ५,५६७ डॉलर आहे आणि उष्ण कटिबंधातील जंगलाचा ५,३८२ डॉलर. हे दर जसेच्या तसे वापरले, तर पेठ किंवा सुरगाण्याचे जंगल तोडून शेत केल्यास देशाचा फायदा होतो असे सिद्ध करता येईल. एका ठिकाणचा दर उचलून दुसऱ्या ठिकाणी लावण्याच्या या पद्धतीला ‘मूल्य-हस्तांतरण’ म्हणतात. दोन्ही ठिकाणचा पाऊस, माती, लोकसंख्या आणि उत्पन्न जुळत असेल तरच ती थोडीफार चालते. सिन्नरच्या गायरानाला जागतिक सरासरी लावणे म्हणजे देशाच्या सरासरी पावसावर नांदूर-शिंगोट्याची पेरणी ठरवण्यासारखे आहे.

माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. प्रस्ताव किती हेक्टरचा आहे? एका मेगावॉटला साधारण दोन हेक्टर लागतात. बहुतेक ग्रामीण प्रकल्प काही मेगावॉटचेच असतात. म्हणजे सगळे ४० हेक्टर जाणार नसतील. मग ४० हेक्टरची किंमत काढून उपयोग काय? ग्रामसभेपुढचा निवडीचा प्रश्न काय आहे आणि त्या निवडीने नेमके काय बदलणार आहे, तेवढेच मोजायचे असते.

देवनदी | रविवार, दुपारी १२:४०

आपले म्हणणे पटले. प्रस्ताव सहा मेगावॉटचा आहे आणि त्यात १२ हेक्टर जागा मागितली आहे. कोणते १२ हेक्टर, हे कागदात लिहिलेले नाही. ‘गायरानातील योग्य जागा’ एवढेच शब्द आहेत.

निफाडकर | रविवार, दुपारी ३:१५

ताई, तुमच्या यादीत मधमाश्या नाहीत, त्या घाला. माझी निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि थोडे कांदा बीजोत्पादनही करतो. माळावरची बोर, तरवड, बाभूळ यांच्या फुलोऱ्यावर मधमाश्या जगतात आणि मग त्याच आमच्या शेतात येतात. द्राक्ष आणि कांदा ही नाशिकची दोन्ही नगदी पिके त्यांच्यावर उभी आहेत. त्यांची किंमत काढली तर सौर प्रकल्पाचे भाडे मागे पडेल.

हिशेबनीस | रविवार, दुपारी ४:००

निफाडकर दादा, यात एक दुरुस्ती करावी लागेल, कारण ग्रामसभेत एखादा बागायतदारच उठून ती करेल. द्राक्षाच्या ज्या जाती आपण लावतो त्यांना फळधारणेसाठी मधमाशीची गरज जवळजवळ नसते. कांद्याचेही तसेच आहे, बाजारात जातो तो कांदा जमिनीत पोसतो, त्यासाठी परागीभवन लागत नाही. बीजोत्पादनाच्या डोंगळ्यांना (बियांसाठी राखलेल्या कांद्याच्या फुलदांड्यांना) मात्र मधमाशी अत्यावश्यक आहे, आणि डाळिंबालाही तिचा फायदा होतो. त्यामुळे गायरानापासून मधमाशी जाऊ शकेल इतक्या अंतरात डोंगळ्यांचे किंवा डाळिंबाचे क्षेत्र किती आहे, तेवढेच मोजायला हवे.

यासंबंधी कोस्टा रिकातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथल्या एका कॉफीच्या मळ्याशेजारी जंगलाचे तुकडे होते. जंगलाजवळच्या झुडपांना २० टक्के जास्त उत्पादन येते आणि त्या एका मळ्यापुरती जंगलातील मधमाश्यांची सेवा वर्षाला सुमारे ६०,००० डॉलरची आहे, असा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पुढे कॉफीचे भाव पडल्यामुळे तिथे अननस लावला गेला. अननसाला परागीभवन लागत नाही. जंगल तेच राहिले, मधमाश्या त्याच राहिल्या आणि त्यांच्या सेवेचे मूल्य शून्य झाले. आपल्याकडे एखाद्याने डोंगळे काढून द्राक्ष लावली तर हेच होईल. मूल्य निसर्गाच्या अंगात नसते. ते निसर्ग आणि त्यावर अवलंबून असलेला माणूस यांच्या नात्यात असते आणि ते नाते बदलले की आकडाही बदलतो.

निफाडकर | रविवार, सायंकाळी ५:३०

द्राक्षाबद्दल माझे चुकले, मान्य करतो. डोंगळ्यांबद्दल मात्र स्वतःचा अनुभव लिहितो. ज्या वर्षी माश्या कमी असतात त्या वर्षी आम्ही मधपेट्या भाड्याने आणतो, आणि पेट्या मिळाल्या नाहीत तर मजूर लावून हाताने परागीभवन करावे लागते. पेटीचे भाडे आणि ती मजुरी हे दोन्ही खर्च माझ्या वहीत आहेत. ते या हिशेबाला चालतील का?

हिशेबनीस | रविवार, सायंकाळी ५:५०

उत्तम चालतील. निसर्गाची सेवा नसेल तेव्हा तिच्या जागी जे विकत घ्यावे लागते त्याचा खर्च धरायचा, या ‘पर्यायी खर्च’ पद्धतीचा तो अचूक नमुना आहे, कारण आपण तो पर्याय प्रत्यक्षात विकत घेता. मात्र दोन्हीतील स्वस्त पर्याय धरावा, म्हणजे पेटीचे भाडे धरावे, मजुरी धरू नये.

वाड्यावरचा | रविवार, रात्री ८:४५

मी मेंढपाळ कुटुंबातला आहे. वडील आणि थोरले भाऊ अजूनही मेंढरे घेऊन फिरतात. मी नाशिकमध्ये नोकरी करतो. या चर्चेत आमच्या लोकांचा हिशेब अजून कोणी केला नाही म्हणून लिहितो.

दिवाळीनंतर आमचे वाडे (कुटुंब आणि कळपाचे फिरते तळ) कसारा घाटाने कोकणात उतरतात आणि पावसाच्या आधी परत वर येतात. वर असताना उन्हाळ्यात अडचण कमी असते, कारण पिके निघालेली असतात आणि शेतकरी स्वतः बोलावून मेंढ्या बसवून घेतात. एका रात्रीचे धान्य किंवा पैसे ठरतात, लेंडीखत त्याच्या रानात पडते. खरी अडचण आषाढापासून आश्विनापर्यंत असते. तेव्हा प्रत्येक रानात पीक उभे असते, कोकणात पावसामुळे मेंढरू टिकत नाही आणि वनखात्याच्या जमिनीत चराईला बंदी असते. त्या चार महिन्यांत गायरान हीच एक जागा उरते. वर्षाची सरासरी काढून ‘गायरानातून एवढे टन गवत’ असे लिहिले, तर त्या चार महिन्यांचा अर्थ त्यात येत नाही. ती जागा गेली तर आम्ही चार महिने चारा विकत घेणार नाही, कारण तो परवडत नाही. आम्ही कळप विकू. आणि कळप विकला की पुढच्या उन्हाळ्यात ज्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसतात त्यांचे खतही गेले.

देवनदी | रविवार, रात्री ९:३०

दादा, हे माझ्या डोळ्यांसमोर रोज घडते आणि तरी माझ्या तक्त्यात ते नव्हते, याचे वाईट वाटते. चाऱ्याची किंमत, लोकर, मांस आणि लेंडीखत या सगळ्यांची आता बेरीज करते.

हिशेबनीस | सोमवार, सकाळी ७:१०

ताई, बेरीज करू नका. या विषयात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. गवत मेंढीच्या पोटात जाते आणि त्याचेच मांस, लोकर आणि खत होते. चाऱ्याचीही किंमत धरली आणि खताचीही धरली, तर एकच गवत दोनदा मोजले जाते. पाण्याचेही असेच होते. मुरलेले पाणी धरले, मग विहिरीचे पाणी धरले, मग त्या पाण्यावरचे पीक धरले, तर एकच थेंब तीनदा मोजला जातो. माणसाच्या हातात शेवटी जे पडते तेवढेच एकदा मोजायचे. पर्यावरणीय हिशेबाची जी चौकट संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२१ मध्ये स्वीकारली, तिचाही कटाक्ष यावरच आहे आणि तीत आधी किलो, लिटर, हेक्टर अशी भौतिक नोंद केली जाते, रुपये त्यानंतर येतात.

आता टँकर. पर्यायी खर्च धरण्यासाठी तीन अटी पाळाव्या लागतात. पर्यायाने तीच सेवा मिळाली पाहिजे, तो उपलब्ध पर्यायांतील सर्वांत स्वस्त असला पाहिजे आणि सेवा बंद झाली तर लोक तो पर्याय खरोखर विकत घेतील अशी परिस्थिती पाहिजे. आपले ८०० टँकर तिसऱ्या अटीत अडकतात. श्रावणात विहीर भरलेली असताना कोणी टँकर मागवत नाही. गेल्या उन्हाळ्यात गावाने किती टँकर मागवले, ही संख्या ग्रामपंचायतीच्या नोंदीत असेल. ती घ्या.

पळसवन | सोमवार, सकाळी १०:३०

मी शहरातील झाडांच्या प्रश्नावर काम करतो. तिसऱ्या अटीवरून एक उदाहरण आठवले. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या जानेवारीत नेमलेल्या समितीने झाडाचे मूल्य त्याच्या वयाला ७४,५०० रुपयांनी गुणून काढावे असे सुचवले होते. पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडे तोडण्याचा तो विषय होता. आम्ही नाशिकमध्ये अनेक निवेदनांत तो आकडा वापरला. त्या ७४,५०० मधील ४५,००० रुपये केवळ प्राणवायूचे आहेत. सिलिंडरचा प्राणवायू विकत मिळतो म्हणून तो दर लावला गेला. पण हवेत २१ टक्के प्राणवायू आहे आणि वडाचे एक झाड गेले म्हणून शेजारचे लोक सिलिंडर विकत घेणार नाहीत. त्यामुळे हा भाग वरच्या कसोटीवर टिकत नाही. त्याच झाडाची सावली, धूळ अडवणे, रस्त्याचे तापमान, पक्ष्यांचा निवारा हे खरे आणि जवळचे लाभ त्या मानाने मागे राहिले. आपला हेतू चांगला असला तरी कच्चा आकडा दिला की समोरचा वकील तोच धरून बसतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरे असे की गायरान वनजमीन नसेल तर तिला ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ (वनजमीन दुसऱ्या कामाला घेताना भरायची भरपाई) भरण्याचा नियम लागू होत नाही. वनांविषयीच्या सर्वोच्च न्यायालयातील गोदावर्मन खटल्यात कांचन चोप्रा समितीच्या अभ्यासाच्या आधारे २००८ साली वनजमिनीसाठी हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये दर ठरले आणि २०२२ मध्ये ते सुमारे दीडपट झाले. त्यातील सर्वांत खालचा दर विरळ काटेरी वनाला आहे. गायरानाच्या तुकड्याला मात्र, त्यावर तशीच हिवर-बाभूळ असली तरी, सातबाऱ्यावरची नोंद वेगळी म्हणून हा दरही मिळत नाही.

कंदीलपुष्प | सोमवार, दुपारी १:२०

मी वनस्पतींचा अभ्यास करते. इतका वेळ वाचत होते, पण आता मनातले लिहिते. अंजनेरीच्या माथ्यावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, ‘सेरोपेजिया अंजनेरिका’. तिचे शास्त्रीय वर्णन २००६ साली झाले. ती कोणाची विहीर भरत नाही, तिच्यावर कोणाचा कळप चरत नाही. वरच्या तिन्ही अटी लावल्या तर तिचे मूल्य शून्य येते. मग ती नाहीशी झाली तरी चालेल, असे आपण म्हणणार आहोत का? देवराईतल्या झाडाला हात न लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ‘किती पैसे दिले तर तोडू द्याल?’ असे विचारणे मला अपमानाचे वाटते. एकदा किंमत लिहिली की ती भरणारा कोणी तरी निघतोच.

हिशेबनीस | सोमवार, दुपारी ३:४५

कंदीलपुष्प ताई, आपला आक्षेप मी बाजूला सारणार नाही. ज्या वस्तूचा बाजारही नाही आणि पर्यायही नाही तिच्यासाठी लोकांना ‘ती टिकावी म्हणून आपण किती रक्कम द्याल?’ असे विचारण्याची पद्धत आहे. १९८९ साली अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडल्यानंतर तिच्यावर मोठा वाद झाला आणि १९९३ मध्ये केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल मानकऱ्यांच्या समितीने तिच्यासाठी कडक नियम घालून दिले. त्याच सुमाराच्या एका पाहणीत तेलाच्या डबक्यांत मरणारे पक्षी वाचवण्यासाठी किती देणार, असे विचारले होते. २,००० पक्ष्यांसाठी लोक सरासरी ८० डॉलर म्हणाले, २०,००० साठी ७८ आणि २,००,००० साठी ८८. म्हणजे पक्ष्यांची संख्या शंभर पट झाली तरी उत्तर जवळपास तेच राहिले. लोक तिथे किंमत सांगत नव्हते, आपली आस्था सांगत होते. त्यात गरीब माणसाची आस्था कमी रुपयांत दिसते, कारण त्याच्या खिशात रुपयेच कमी असतात. म्हणून कंदीलपुष्प, देवराई किंवा येवल्याकडच्या ममदापूरच्या माळावरचे काळवीट यांना मी रुपयांच्या रकान्यात बसवणार नाही. त्यांच्यासाठी ‘हे गमावायचे नाही’ असा वेगळा रकाना हवा आणि तो बेरजेच्या वर असावा.

परंतु किंमत न लिहिल्यानेही निसर्ग वाचत नाही. गिधाडांचे पाहा. जनावरांच्या औषधातील डायक्लोफिनॅकमुळे नव्वदच्या दशकात ती झपाट्याने मेली. औषधावर बंदी आली २००६ साली. गिधाडाला बाजारभाव नव्हता, म्हणून मधल्या काळात कोणाच्याच ताळेबंदात तोटा दिसला नाही. २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की गिधाडे गेल्यामुळे न उचललेली मढी, दूषित पाणी आणि कुत्र्यांची वाढ यांतून २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा माणसे मेली. आपल्या जिल्ह्यात हरसूलकडे गिधाडांसाठी उपाहारगृह (त्यांना मेलेली जनावरे खायला ठेवण्याची जागा) चालवावे लागते, ते त्या नुकसानीनंतर. हा हिशेब दहा वर्षे आधी कोणी मांडला असता तर बंदी लवकर आली असती, असे मला मनापासून वाटते.

कंदीलपुष्प | सोमवार, सायंकाळी ६:००

वेगळा रकाना असेल आणि तो आधी वाचला जाणार असेल, तर माझा विरोध उरत नाही. ताई, गायरानात जाल तेव्हा ओलसर खळगे आणि खडकाळ चढ नीट पाहा. गवताळ माळावरच्या दुर्मीळ वनस्पती तिथेच तग धरून असतात. मी यायला तयार आहे.

देवनदी | गुरुवार, रात्री ८:१५

तीन दिवस गेले, पण काम झाले. कंदीलपुष्प ताई स्वतः आल्या. आम्ही दोघी, गावातील दोन मेंढपाळ आणि ग्रामपंचायतीतील एक सदस्य असे पाच जण पूर्ण गायरान फिरलो. चालताना लक्षात आले की आम्ही ज्याला ‘एक गायरान’ म्हणत होतो ती तीन वेगळी राने आहेत.

वरच्या अंगाला सुमारे १४ हेक्टर मुरमाड पट्टा आहे. तिथे पूर्वी रस्त्यासाठी मुरूम उचलला गेला, माती जवळपास उरलेली नाही आणि गवत विरळ आहे. मधला २० हेक्टरचा उतार खरा चराईचा. मेंढपाळांनी सांगितले की मारवेल आणि पवन्या इथेच टिकून आहे, वर नुसती कुसळी आहे आणि ती पिकल्यावर मेंढरांच्या लोकरीत रुतते. खालचे सहा हेक्टर ओढ्याकाठचे आहेत. विहीर त्यांच्याच तोंडाशी आहे.

मग हिशेबनीस सरांच्या सांगण्याप्रमाणे १२ हेक्टर कोठे घेतले तर काय बदलते, एवढाच प्रश्न ठेवून आकडे मांडले. गेल्या उन्हाळ्यात गावाने ६० टँकर मागवले होते, म्हणजे ९०,००० रुपये. प्रकल्प खालच्या ओढ्याकाठी आला आणि माती दाबली गेली तर ही संख्या वाढेल. मधल्या उतारावर हेक्टरी एक टन वाळले गवत धरले, त्यातील निम्मे पुन्हा उगवण्यासाठी सोडले आणि किलोला सहा रुपये लावले, तर हेक्टरी ३,००० रुपये होतात, १२ हेक्टरचे ३६,०००.

इथे मी गडबडले, ते खरे सांगते. हा प्रस्ताव ज्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून आला आहे तीत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे आहे. गायरान नाममात्र दराने जाते, पण विजेसाठी जमिनीचे मोल एवढे धरले जाते हे उघड आहे. त्यापुढे माझे ३,००० रुपये काहीच नाहीत. मग हा सगळा खटाटोप कशासाठी केला?

हिशेबनीस | गुरुवार, रात्री ९:४०

ताई, आकडा लहान आला म्हणून तो लपवू नका. प्रकल्पाचा लाभ मोठा आहे, हे आपण पहिल्याच परिच्छेदात मान्य केले होते. तो लाभ मुरमाड पट्ट्यावरही तितकाच मिळतो, कारण पॅनेलला माती लागत नाही. वीज दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती दोन्ही बाजूंनी वजा होते. उरतो तो फरक असा: वरच्या १४ हेक्टरांत प्रकल्प बसवला तर गवताचे नुकसान नगण्य, मधल्या उतारावर बसवला तर चार महिन्यांचा चारा जातो आणि खाली बसवला तर विहीर धोक्यात येते. आपल्या हिशेबाने जागा निवडता येते. याहून मोठे काम त्याच्याकडून अपेक्षित नव्हते.

फायदा कोणाला आणि तोटा कोणाला, हेही लिहा. वीज साऱ्या शिवाराला मिळेल, चारा मात्र मोजक्या मेंढपाळ घरांचा जाईल. बेरीज फायद्याची आली तरी त्या घरांचे नुकसान त्याने भरून निघत नाही. पर्यायी चराईची जागा किंवा पॅनेलच्या ओळींमध्ये मेंढ्या चारण्याची मुभा, यांपैकी काहीतरी ठरावातच लिहून घ्यावे लागेल.

वर्षांचाही विचार करा. असे करार साधारण २५ वर्षांचे असतात. वर्षाला एक लाखाचे नुकसान २५ वर्षे होणार असेल तर आजच्या पैशात ते १० टक्के वटावाने (पुढच्या रकमेची आजची किंमत दर वर्षामागे किती टक्के कमी धरायची, तो दर) सुमारे ९.०८ लाख, ५ टक्क्यांनी १४.०९ लाख आणि २ टक्क्यांनी १९.५२ लाख होते. वटावाचा दर जितका चढा तितकी पुढच्या पिढीची विहीर स्वस्त दिसते. म्हणून जो दर धराल तो कागदावर उघड लिहा आणि शक्यतो दोन दरांनी मांडा.

वाड्यावरचा | गुरुवार, रात्री १०:२०

मुरमाड पट्ट्यावर प्रकल्प होत असेल तर आमच्या लोकांची हरकत राहणार नाही, हे भावाशी बोलून लिहितो आहे. फक्त वरच्या पट्ट्यातून मधल्या उतारावर उतरणारी मेंढरांची वाट कुंपणात अडकू नये. ती वाट नकाशात दाखवा.

पळसवन | शुक्रवार, सकाळी ८:५०

ठरावात दोन बांधकामाच्या अटी घालाव्यात असे सुचवतो. जेसीबीने सगळी जागा खरवडून सपाट करू नये, खांब रोवण्यापुरतीच माती हलवावी. आणि पॅनेलवरून ओघळणारे पाणी एका ठिकाणी साचून उताराची माती धुऊन नेते, म्हणून त्या पट्ट्याच्या खाली समतल चर काढावेत. चर काढले तर आज मुरमावरून वाहून जाणारे पाणीही मुरेल आणि विहिरीला ते उपयोगीच पडेल.

देवनदी | शुक्रवार, रात्री ९:००

सर्वांचे आभार. कागद एका पानाचा केला आहे. सर्वांत वर ‘हे गमावायचे नाही’ हा रकाना आहे. त्यात ओढ्याकाठचे सहा हेक्टर आणि कंदीलपुष्प ताईंना खडकाळ चढावर आढळलेल्या वनस्पतींची जागा घातली आहे. त्याखाली तिन्ही रानांची किलो आणि लिटरमधील नोंद, मग रुपये, मग कोणाचे काय जाते ते. दीड कोटीचा आकडा काढून टाकला. डोंगळ्यांचे क्षेत्र मधमाशीच्या टप्प्यात फक्त दोन शेतकऱ्यांकडे आहे. निफाडकर दादांच्या वहीतील पेटीभाड्याचा दर त्यांना दाखवला, त्यांनी तो बरोबर असल्याचे सांगितले. मेंढरांची वाट नकाशावर लाल रेघेने काढली आहे.

हेक्टरी एक टन गवत हे मात्र अजून गृहीतच आहे. ग्रामसभेत कोणी विचारले तर मला उत्तर हवे.

हिशेबनीस | शुक्रवार, रात्री ९:३५

ते मोजता येईल. एक मीटर लांबी-रुंदीची लाकडी चौकट करून घ्या. गवत फुलोऱ्यावर आले की तिन्ही रानांत प्रत्येकी दहा ठिकाणी, चांगली जागा न निवडता, ठरावीक पावले चालून जिथे थांबाल तिथे ती टाका. आतले गवत विळ्याने कापा, उन्हात वाळवा आणि तोलून घ्या. एका चौकटीतील ग्रॅमला दहाने गुणले की हेक्टरी किलो मिळतात. कापताना दोन्ही मेंढपाळांना आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांना सोबत घ्या आणि वजनाच्या नोंदीखाली सर्वांच्या सह्या घ्या.

देवनदी | शुक्रवार, रात्री ९:५०

चौकट उद्याच सुताराकडे सांगते. कुसळी पिकण्याआधी कापायला हवे, म्हणजे हाती साधारण तीन आठवडे आहेत. वजने आली की याच धाग्यावर लिहीन.